आईने शेकलेली रावान

परदेशातल्या एका शहराच्या पार कडेला, टार्निटच्या आमच्या घरात वाऱ्याचा आवाज सोडला तर आवाज असा नव्हताच. नवी वसाहत, नवी घरं, काठ्यांना बांधून उभी केलेली झाडं आणि पलीकडे पार क्षितिजापर्यंत पिवळं गवत. त्या गवतावरून येणारा वारा दिवसभर कुंपणाच्या फळ्यांशी खटखट करत राहायचा. पुण्याहून इथे आलो तेव्हा मी बारा वर्षांची होते, आणि पहिले काही महिने मला वाटायचं की शेजारचे सगळे गावाला गेले आहेत आणि दिवाळीनंतर परत येतील. त्यात साथ आली, दारं बंद झाली, आणि मग घरातलेच आवाज मोठे झाले. बाबांचं ऑफिस गॅरेजमध्ये गेलं आणि तिथून दिवसातून चाळीस वेळा ‘कॅन यू हिअर मी?’ ऐकू यायला लागलं. आई एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात कामाला होती, तिची शिफ्ट पहाटेची. तीनच्या सुमाराला ती घरी यायची आणि किल्ल्या स्टीलच्या ताटलीत टाकायची. त्या आवाजावरून बाई आज दमल्या आहेत की चिडल्या आहेत हे मला माझ्या खोलीत बसून कळायचं. माझा नातू हे सगळं ऐकतो, एका तासाच्या वर फिरायला बंदी, पाच किलोमीटरच्या पुढे जायला बंदी वगैरे, आणि माझ्याकडे संशयाने बघत म्हणतो, ‘आजी, यू आर मेकिंग इट अप.’ मलाही कधीकधी तसंच वाटतं. पण आमच्या गल्लीतून निघालेली ती परेड मात्र मी रचलेली नाही, आणि तिच्या आदल्या दिवशी मी जो पराक्रम केला तोही नाही.

आमची गल्ली म्हणजे अकरा घरांचं कोर्ट. एका टोकाला रस्ता बंद आणि तिथे गाडी वळवायला गोल जागा. साथीच्या थोडंसं आधी शेजारच्या घरात सामान उतरलं, आणि आईने स्वयंपाकघराच्या खिडकीतून एका खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं नाव वाचलं: आर. सखाराम. पोह्यांवर खोबरं घालायचंही ती विसरली. ‘अहो, सखाराम आहेत शेजारी! चिपळूणचे असतील नाहीतर राजापूरचे,’ असं बाबांना ओरडून सांगत तिने पोह्यांचा डबा भरला, मला ओढत बरोबर घेतलं आणि शेजारचं दार वाजवलं. दार उघडलं एका उंच, सावळ्या, पांढऱ्या मिशीच्या गृहस्थांनी. आईने नमस्कार केला आणि सुरुवात केली, ‘आम्ही मूळचे वाईचे, आता पुण्याचे. तुम्ही कुठले? जेवणाखाण्याची काही सोय झाली का?’ गृहस्थांनी सगळं नीट ऐकून घेतलं, आणि मग अत्यंत आदराने, फ्रेंच वळणाच्या इंग्रजीत सांगितलं की मॅडम, तुमच्या बोलण्यातला एकही शब्द मला कळला नाही, पण डब्यात काय आहे ते मला हवं आहे.

ते मॉरिशसचे. त्यांच्या खापरपणजोबांच्याही आधीचं कुणीतरी कोकणातून उसाच्या मळ्यांवर कामाला गेलं आणि परत आलंच नाही. नाव होतं रघुनाथ सखाराम, आडनावाच्या जागी कुणा पूर्वजाचं नावच चिकटून राहिलेलं. घरात फ्रेंच आणि क्रिओल, सिनेमातून शिकलेलं थोडं मोडकंतोडकं हिंदी, आणि मराठी म्हणाल तर फक्त गणपतीची आरती. ती मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ. साथीतल्या पहिल्या गणपतीत आम्ही मागच्या अंगणात टबात विसर्जन करत होतो, तर कुंपणापलीकडून त्यांचा खणखणीत आवाज लागला. आईला तर रडूच आलं. मग विचारलं तर म्हणाले, अर्थबिर्थ काही ठाऊक नाही, आजीने शिकवली. त्या दिवसापासून आई त्यांना रघुनाथराव म्हणायला लागली, बाबा अंकल म्हणत, आणि मला त्यांनी सांगून ठेवलं होतं की तू तोंतों म्हण. तिकडे काकाला तोंतों म्हणतात. मी चौदा वर्षांची होते, घरात आईने मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर द्यायचा माझा नियम होता, पण तोंतों म्हणायला मला मनापासून आवडायचं.

तोंतों त्या घरात एकटे होते, आणि ते असं ठरलेलं नव्हतं. घर बदलायच्या गडबडीत त्यांची बायको सोलांज भाचीच्या लग्नासाठी मॉरिशसला गेली होती, तीन आठवड्यांसाठी. तेवढ्यात सीमा बंद झाल्या. विमानाचं तिकीट मिळायचं, रद्द व्हायचं, पुन्हा मिळायचं, पुन्हा रद्द व्हायचं. वर्ष उलटलं तरी तिने आपलं नवं घर पाहिलेलं नव्हतं. तोंतों तिला फोनवरून दाखवायचे, ही तुझी मोरी, हे तुझं लिंबाचं झाड, ही शेजारची मुग्धा. ती मोठ्या अंगाची, मोठ्या हसण्याची बाई होती. मी तिला तांतीन म्हणायचे, म्हणजे काकू. तोंतोंच्या हातची दालपुरी आमच्याकडे कुंपणावरून यायची. आईने पहिला घास घेतला आणि म्हणाली, ‘पुरणपोळीच की ही, गूळ घालायला विसरलेली,’ आणि नंतर चार खाल्ल्या. तिकडे दालपुरी कधी एकटी देत नाहीत, नेहमी जोडीने देतात. तोंतोंनी एकट्या माणसासाठी कधी स्वयंपाक केला नव्हता, त्यामुळे जोडीतली एक नेहमी उरायची आणि ती आमच्या ताटात पडायची. आम्हाला मजा वाटायची. आज त्याचं जरा वाईट वाटतं.

त्यांच्या पॅसेजमध्ये, चादरीत गुंडाळलेली, एक रावान टांगलेली होती. रावान म्हणजे मोठ्या परातीएवढा डफ, लाकडी कड्यावर बकऱ्याचं कातडं ताणून बसवलेला. त्यावर सेगा नाचतात, त्यांचं तिकडचं नाच-गाणं. हे वाद्य मुळात आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांचं, आणि सोलांज त्यांच्यातली. तिच्या वडिलांनी ही रावान स्वतःच्या हातांनी केली होती आणि लग्नात जावयाला दिली होती. मॉरिशसचा राष्ट्रीय दिवस मार्चमध्ये येतो. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला त्यांच्या लोकांची त्या दिवशी मोठी मिरवणूक निघायची, बँड, झेंडे, खाण्याचे स्टॉल. पुढे तोंतों रावान वाजवत आणि त्यांच्यासमोर सोलांज घेरदार घागऱ्याची टोकं दोन्ही हातांत धरून नाचत. सेहेचाळीस वर्षं, आधी तिकडे आणि मग इकडे, एकदाही चुकलं नव्हतं. ती गेली तेव्हापासून तोंतोंनी रावान खुंटीवरून काढली नव्हती. मी एकदा वाजवून दाखवा म्हणाले, तर म्हणाले, ‘समोर नाचणारं कुणी नसेल तर ती नुसती भिंतीवरची वस्तू.’

त्या वर्षी आमच्याकडे जरा मोकळीक आली होती, पण मोठी मिरवणूक रद्दच झाली होती. आणि राष्ट्रीय दिवसाला दोन दिवस उरले असताना उलटंच झालं, मॉरिशसमध्येच साथ वाढली आणि तिकडे सगळं कुलूपबंद झालं. कुंपणाशी उभे राहून तोंतोंनी फोन आमच्याकडे वळवला. पडद्यावर तांतीन नेहमीसारखी हसत नव्हती. म्हणाली, इथे रस्त्यावर चिटपाखरू नाही, परेड नाही, बँड नाही, बहिणीच्या घरात खिडकीला एक झेंडा लावलाय तेवढाच. मग ती नवऱ्याला क्रिओलमध्ये काहीतरी म्हणाली आणि तोंतोंनी फोन खाली केला. बाबांनी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, ‘ती म्हणते, पप्पांची रावान वाजव. तिचा आवाज आला तर मी नाचेन, नाही आला तर या वर्षी राहू दे, आणि मग राहूनच जाईल.’ हे शेवटचं त्यांनी अगदी हळू सांगितलं.

आमचे बाबा पुण्यात ढोलपथकात होते. ढोल नव्हे, ध्वज नाचवायचे, आणि या गोष्टीचा उल्लेख आठवड्यातून एकदा तरी व्हायचा. कुणाला मिरवणूक हवी आहे म्हटल्यावर त्यांच्या अंगात वारं शिरलं. गॅरेजमधून ते बाहेर आले, लॅपटॉप तसाच उघडा ठेवून, आणि म्हणाले, ‘अंकल, नो वरीज. परेड आपल्या कोर्टमध्ये काढू. संध्याकाळी पाचला, म्हणजे आंटींकडे सकाळचे दहा.’ समोरच्या गुरमीत आंटी कचऱ्याचा डबा आत घेत होत्या, त्यांनी तिथूनच विचारलं, ‘परेड? किसकी शादी है?’ आणि उत्तर ऐकून म्हणाल्या, ‘हमारा स्पीकर ले लो, बहुत लाउड है.’ अर्ध्या तासात अकराच्या अकरा घरांत बातमी गेली. आमच्या गल्लीला इतकं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

आणि नेमकं दुसऱ्या दिवशी सकाळी तोंतोंचा घसा दुखायला लागला. त्या काळात घसा दुखला की चाचणी करायची आणि निकाल येईपर्यंत दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही. चाचणीला निघण्याआधी त्यांनी रावान दोन्ही हातांना मोजे घालून कुंपणावर ठेवली, चार पावलं मागे गेले आणि मला म्हणाले, ‘वर्षभर झोपली आहे. कोरड्या जागी ठेव, ऊन दाखव, मऊ हाताने थोडी वाजव म्हणजे जागी होईल. बाकी काही करू नको. कोरेक?’ कोरेक म्हणजे ठीक आहे ना. मी म्हणाले कोरेक. बाकी काही करू नको हे वाक्य मी ऐकलं होतं, हे मी आजही प्रामाणिकपणे कबूल करते. ऐकलं आणि मनात म्हणाले, हे मला काय सांगतात.

कारण माझे आजोबा वाईच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. पाच वर्षांची असल्यापासून मी त्यांच्या शेजारी बसायचे, आणि बसायच्या आधी कणकेचा गोळा मळून द्यायचं काम माझं. पखवाजाच्या डाव्या अंगाला ओली कणीक थापतात, मग तो घुमतो. ‘मुग्धे, कणीक सैल झाली,’ ‘मुग्धे, आज बेताची झाली,’ असं आजोबा सांगायचे, आणि मंडळातले सगळे म्हाताऱ्या माणसांच्या गंभीरपणाने माना डोलवायचे. तालवाद्यांतलं आपल्याला कळतं हा माझा समज तिथला. तर मी रावान मांडीवर घेतली, बोटांनी वाजवली, आणि ती भद्द वाजली. वर्षभर पडून राहिलेलं कातडं, दुसरं काय होणार. मी दोन्ही अंगांनी पाहिलं. शाई नाही, कणीक नाही, काहीच नाही. मला त्या मॉरिशसच्या लोकांची अगदी कीव आली. इतकी वर्षं वाजवतात आणि एवढी साधी गोष्ट कुणी सांगितली नाही यांना! आई कामावर, बाबा मीटिंगमध्ये. मी वाटीभर कणीक मळली, आजोबांना आवडायची तशी जरा सैलसर, आणि कातड्याच्या मधोमध छान गोल थापली. तोंतोंना उद्या काय आनंद होईल या विचाराने मला स्वतःचंच कौतुक वाटत होतं.

पखवाजाचं पान जाड, दोरांनी आणि गठ्ठ्यांनी ताणलेलं असतं. रावानीचं पातळ, आणि त्याला ताण असतो तो फक्त कोरडेपणाचा आणि उबेचा. ते वाजवण्याआधी विस्तवावर शेकतात, म्हणजे ते आवळतं. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की तासाभराने वाजवली तर भद्द आवाजही येईना. मी घाबरून चमच्याने कणीक खरवडली, मग उरलेली निघावी म्हणून ओल्या फडक्याने पुसली, म्हणजे होतं नव्हतं ते पाणीही पाजलं. कातडं मधे खोलगट झालं आणि बोट लावलं तर ओल्या पापडासारखं आत जायला लागलं. रावान चादरीत गुंडाळून मी कपाटात कपड्यांमागे उभी केली आणि आई आल्यावर विचारलं, ‘व्हॉट्स फॉर डिनर?’ रात्री मला दोनदा उठून कपाट उघडावंसं वाटलं, पण हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला तोंतों दारात उभे. निकाल चांगला आला होता. पांढरा शर्ट, गळ्याभोवती लाल-निळ्या-पिवळ्या-हिरव्या पट्ट्यांचा रुमाल, आणि चेहऱ्यावर असा आनंद की मला तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. ‘द्या मॅडम, आमच्या सासऱ्यांची मुलगी द्या,’ ते गमतीने म्हणाले. मी कपाटातून रावान आणली आणि चादर काढली. त्यांनी मधल्या खळग्यावर तळहात ठेवला. मग कडेला राहिलेला पांढरा पापुद्रा नखाने उचलला, हुंगला, आणि माझ्याकडे पाहिलं. ‘हे काय आहे?’ मी म्हणाले, ‘डो.’ ‘डो?’ ‘पीठ, तोंतों. आजोबा पखवाजाला लावायचे. मला वाटलं आवाज मोठा होईल.’ एवढं बोलून मला हुंदकाच आला. मला वाटलं होतं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते पायरीवर बसले आणि रावान गुडघ्यांवर आडवी घेतली. मग म्हणाले, ‘सोलांजच्या वडिलांनी हे कातडं समुद्राच्या पाण्यात भिजवलं होतं. तिला याचा आवाज शंभर आवाजांतून ओळखू येतो. मी दुसरी घेऊन वाजवली तर तिला पहिल्या ठोक्याला कळेल.’ आणि घड्याळाकडे पाहिलं. सव्वादोन वाजले होते.

मग त्यांनी मागच्या अंगणात बार्बेक्यू पेटवला. मी रावान धरायला त्यांच्यासमोर. पण टार्निटचा वारा. ज्योत इकडे वळायची, तिकडे वळायची, विझायची, आणि उघड्यावर शेकोटी करायला तर आमच्याकडे उन्हाळाभर बंदीच. तोंतोंनी अंगाचा आडोसा केला, बाबांनी ऑफिसातल्या व्हाइटबोर्डचा आडोसा केला, तो उडाला आणि लिंबाच्या झाडावर जाऊन पडला. एकदा ज्योत अशी भसकन उठली की कातड्याची कड जळता जळता वाचली. तोंतोंनी रावान छातीशी धरली आणि म्हणाले, ‘बास. ही जाळण्यापेक्षा मुकी राहिलेली बरी. मी सोलांजला फोन करतो.’ तेवढ्यात आमच्या स्वयंपाकघरात किल्ल्या ताटलीत पडल्याचा आवाज आला.

आईला मी सगळं मराठीत सांगितलं. त्या घरात आल्यापासून इतकं सलग मराठी मी पहिल्यांदाच बोलले असेन. तिने मला रागावण्यासाठी तोंड उघडलं, तोंतोंकडे पाहिलं, आणि तोंड मिटलं. ‘वाऱ्यात कसली शेकताय, रघुनाथराव,’ ती म्हणाली, ‘आत आणा.’ कामावरचा ॲप्रन तसाच अंगावर ठेवून तिने गॅसच्या चारही शेगड्या बारीक केल्या, रावान दोन्ही हातांनी कडेला धरली, आणि ज्योतीपासून वीतभर वर धरून हळूहळू फिरवायला लागली. भाकरी शेकताना ती अशीच फिरवायची, न बघता, फक्त हाताला लागणाऱ्या उबेवरून. मधे एकदा उलटी करायची, कातड्याला गालाशी नेऊन पाहायची, पुन्हा फिरवायची. तोंतों तिच्या खांद्यामागे उभे राहून ‘दुसमां, दुसमां,’ म्हणत होते, म्हणजे हळू, हळू. आई एकदा वळून म्हणाली, ‘मी कुणाला घाई करतेय? शंभर म्हाताऱ्यांचं जेवण करते मी रोज.’ हे तिने मराठीत सांगितलं आणि त्यांना ते बरोबर कळलं. उरलेल्या कणकेचा खमंग वास सुटला, मग थोडा धूर, आणि मग छतावरचा धुराचा अलार्म असा काही बोंबलायला लागला की गुरमीत आंटी पाण्याची बादली घेऊन दारात हजर. बाबा खुर्चीवर चढून अलार्मला टॉवेलने वारा घालत होते. त्या सगळ्या गदारोळात आईने रावान कानाजवळ नेली, बोटाने टिचकी मारली आणि ती तोंतोंच्या हातात दिली. त्यांनी तळव्याने एकच ठोका दिला. फ्रिजवरचे चमचे थरथरले. अलार्मसुद्धा नेमका त्याच वेळी थांबला. कातड्याच्या मधोमध एक फिकट गोल डाग तेवढा राहिला होता, पोळीएवढा.

‘आवाज तोच आहे?’ मी विचारलं. तोंतोंनी मान हलवली. ‘ते मी सांगून काय उपयोग, मुग्धा. ते ती सांगेल.’

पाचला आमची परेड निघाली. सगळ्यात पुढे पिवळ्या झाकणाचा कचऱ्याचा चाकाचा डबा, बाबांनी तीनदा धुतलेला, झेंड्यात गुंडाळलेला, आणि त्यावर टेपने चिकटवलेला टॅबलेट. म्हणजे तांतीन परेडच्या अग्रभागी. डबा ओढायचं काम माझ्याकडे होतं, शिक्षा म्हणून की मान म्हणून हे कुणी सांगितलं नाही. पडदा मागे तोंतोंकडे, त्यामुळे मला मान वळवूनच चालावं लागत होतं. डब्यामागे बाबा, हातात मॉरिशसचा झेंडा, आणि तो ते असा नाचवत होते की लक्ष्मी रोडवरची पोरं चाट पडली असती. मग तोंतों. मग दीड-दीड मीटरवर खडूच्या फुल्या मारून उभी केलेली अख्खी गल्ली, डाव, थाळ्या, गुरमीत आंटींचा स्पीकर, आणि आई दालपुऱ्यांची टोपली घेऊन, जोडी-जोडीने वाटत. कोर्टच्या या टोकापासून त्या टोकाला चार मिनिटं लागत, म्हणून आम्ही गोल वळून पुन्हा, पुन्हा वळून पुन्हा असे नऊ फेरे मारायचे ठरवले होते.

पण पहिल्या फेरीला तोंतों वाजवेचनात. रावान मांडीशी घेऊन ते नुसते उभे. पडद्यावर तांतीन, बहिणीच्या घराच्या बैठकीत, लाल फुलांचा घागरा नेसून, तीही नुसती उभी. मी मनात आजोबांच्या पखवाजाला हात जोडले. मग तोंतोंनी डोळे मिटले आणि वाजवायला लागले. आधी सावकाश, मग त्या लयीला पोट सुटलं, असा घुमावदार आवाज की घरांच्या गॅरेजची दारं बोलायला लागली. तांतीन ऐकत होती. मान जराशी तिरकी, भुवया आवळलेल्या. मी डबा ओढायची थांबले. दहा ठोके गेले असतील, वीस गेले असतील. मला तिच्या चेहऱ्यावरून काहीच कळेना. मग तिने घागऱ्याची दोन्ही टोकं हातात घेतली. सेगामध्ये पाय जमिनीवरून उचलत नाहीत, घासत सरकायचं असतं. तिचा उजवा पाय सरकला, मग डावा, आणि मग ती तिचं ते मोठं हसू हसली. मी रस्त्यात उभी राहून भोकाड पसरलं. आईने टोपली खाली ठेवून मला जवळ घेतलं, आणि तीही रडत होती.

तोंतोंनी डोळे उघडले आणि त्यांचा चेहरा उतरला. तांतीन ठोक्यावर नाचत नव्हती. ठोका पडून गेला की मग तिचं पाऊल पडायचं. दर वेळी, थोडं मागे. ‘आवाज तोच नाही,’ ते पुटपुटले, ‘तिला लय सापडत नाही.’ बाबा झेंडा खांद्यावर टाकून पुढे आले. एवढं वर्ष गॅरेजात बसून ‘कॅन यू हिअर मी’ म्हटलेला माणूस तो. म्हणाले, ‘नाही अंकल. इट्स द लॅग. तुमचा ठोका तिकडे पोचायला वेळ लागतो आणि तिचं पाऊल इकडे यायला वेळ लागतो. तिच्या कानात सगळं बरोबर आहे. चुकतंय ते फक्त इथे, आपल्याला दिसताना.’ तोंतोंनी हे दोनदा समजून घेतलं. वाजवणं त्यांनी थांबवलं नव्हतं. मग ते म्हणाले, ‘म्हणजे तिच्याकडे बरोबर आहे?’ ‘एकदम बरोबर.’ ‘मग इथे चुकू दे.’ आणि असं हसले की त्यांची मिशी हलली. ‘सेहेचाळीस वर्षं ती मला म्हणते, रघू, तू माझ्या पुढे पळतोस. आजही तेच झालं म्हणायचं!’ नऊ फेऱ्यांच्या जागी आम्ही पंधरा मारल्या. माझ्या मानेला दुसऱ्या दिवशी लचक भरली होती.

तांतीन त्यानंतर कितीतरी महिन्यांनी परतली. पुढच्या वर्षी शहरातली मोठी मिरवणूक होती की नव्हती हे मला आठवत नाही, कारण आमच्यापैकी कुणी तिकडे गेलं नाही. आमच्या कोर्टची परेड ठरून गेली होती. सकाळपासून वाराही नेहमीसारखाच सुटला होता. आईने शिफ्टवरून आल्यावर न सांगता चारही शेगड्या बारीक केल्या. तांतीन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ते सगळं बघत होती. मग तिने रावान हातात घेतली, मधल्या फिकट डागावर अंगठा फिरवला आणि मला विचारलं, ‘हे तुझं?’ मी मान खाली घालून हो म्हणाले. तिने डाग हुंगला आणि म्हणाली, ‘माझे वडील म्हणायचे, जिला वास नाही ती रावान नाही. समुद्राचा होता, धुराचा होता. आता तुझ्या पिठाचाही.’ ती रावान आज माझ्या पॅसेजमध्ये टांगलेली आहे. त्या दोघांनी ती मला कधी आणि कशी दिली हे सांगत बसत नाही, ते माझ्याजवळच राहू दे. मार्चमध्ये मी ती गॅसवर शेकते, आईसारखी न बघता मला जमत नाही, मी बघून शेकते.

तांतीन परतल्यानंतरच्या त्या पहिल्या परेडच्या दिवशी पाच वाजले. डबा नव्हता, टॅबलेट नव्हता. कोर्टच्या गोल जागेत मधोमध तांतीन स्वतः उभी होती, लाल फुलांचा तोच घागरा, वारा त्याची टोकं तिच्या हातातून ओढत होता. तोंतोंनी तळहात उचलला आणि वाजवायला सुरुवात केली. ती चार पावलं नाचली, थांबली, कमरेवर हात ठेवले आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, ‘दुसमां, रघू! दुसमां!’

तोंतों रडत होते आणि हसत होते. लय त्यांनी तसूभरही कमी केली नाही.